झाडीतल्या लांब कोर्सवरचे डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी प्लॅस्टिकची डिस्क असते आणि ती मारायला काठी नसते. खेळाडूचा हात हेच साधन. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक करायची, डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची, आणि खांबावर टांगलेल्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये डिस्क पडली की तो होल संपला. अठरा होल मिळून ज्याच्या फेका सर्वांत कमी, तो विजेता. एवढा खेळ दहा वर्षांच्या मुलालाही पाच मिनिटांत समजतो. पण तोच खेळ दाट झाडीतून नेलेल्या, तीन किलोमीटर लांबीच्या कोर्सवर खेळायचा झाला की त्याचे गणितच बदलते. उघड्या माळावर जोरकस हाताच्या खेळाडूची चूक मोकळी जागा पोटात घालते. झाडीत दोन अंशांची चूकही बुंध्यावर आदळते आणि कार्डावर लिहिली जाते. डिस्क गोल्फचा खरा कस लागतो तो अशाच कोर्सवर.

या खेळाची मुळे कॅलिफोर्नियात आहेत. फ्रेड मॉरिसन याने घडवलेली उडती तबकडी व्हॅम-ओ कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली आणि पुढे ती फ्रिस्बी म्हणून जगभर गेली. त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक याने फ्रिस्बीची रचना सुधारली. लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा राहिला तोही त्याच्याच आखणीतून. १९७६ मध्ये त्याने प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली आणि १९७७ मध्ये साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्याच्या नावे झाले. त्याआधी झाड, खांब, कचऱ्याचा डबा असे काहीही लक्ष्य चाले, आणि डिस्क लागली की नाही यावरून वाद होत. साखळीने तो वाद मिटवला. दुसरा मोठा बदल १९८३ चा. डेव्ह ड्युनिपेस याने निमुळत्या, धारदार कडेची डिस्क तयार केली आणि त्याच्या इनोव्हा कंपनीने ती ‘ईगल’ या नावाने विकायला आणली. जाड गोल कडेच्या फ्रिस्बीपेक्षा ती हवेला कमी अडत असल्याने फेकीचे अंतर एकदम वाढले आणि त्याबरोबर कोर्सही लांबत गेले.

अमेरिकेच्या पूर्व भागात हे कोर्स जंगलात शिरले त्याला कारण जमीन. क्रिकेट, फुटबॉल किंवा बेसबॉलला सपाट मैदान लागते. उताराची, ओढ्याकाठची, झाडांनी भरलेली सार्वजनिक जमीन या खेळांच्या कामाची नसते. डिस्क गोल्फला मात्र तीच मानवते. झाडे सरसकट तोडावी लागत नाहीत, हिरवळ राखावी लागत नाही, पाणी घालावे लागत नाही. त्यामुळे नगरपालिका आणि काउंटींच्या उद्यान विभागांनी अशा जागा दिल्या आणि स्थानिक क्लबांनी श्रमदानातून कोर्स उभारले. केंटकीतल्या बर्लिंग्टन येथील आयडलवाइल्ड, व्हरमाँटच्या डोंगरात स्मग्लर्स नॉच या स्की-गावातला ब्रूस्टर रिज आणि जॉर्जियातल्या अ‍ॅपलिंग येथील डब्ल्यू. आर. जॅक्सन ही या घडणीची प्रसिद्ध नावे. अ‍ॅपलिंगला पीडीजीएचे मुख्यालय आहे, त्यामुळे तिथला पाइनच्या झाडीतला कोर्स या खेळाच्या घरचाच म्हणावा लागेल. युरोपात फिनलंड, स्वीडन आणि एस्टोनिया इथे स्प्रूस, पाइन आणि बर्चच्या वनांत हा खेळ असाच रुजला.

नवशिक्यांसाठीच्या कोर्सवर एकेक होल साधारण ६० ते ९० मीटरांचा असतो आणि जवळजवळ प्रत्येक होलचा पार, म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फेका, तीन. व्यावसायिक खेळाडूंसाठी आखलेल्या वनातल्या कोर्सवर दीडशे-दोनशे मीटरांचे होल ठरलेलेच, आणि काही होल तीनशे मीटरांपर्यंत जातात. त्यांचा पार चार किंवा पाच. कोर्सची एकूण लांबी तीन हजार मीटरांपलीकडे जाते आणि पार साठाच्या वर. पण केवळ लांबीने कोर्स अवघड होत नाही. त्या लांबीत वाट कितीदा वळते, प्रत्येक वळणाआधी डिस्क थांबवायला जागा केवढी आहे, आणि ती जागा चुकली तर पुढे काय उरते, यावर सगळे अवलंबून असते. छोट्या होलवर एक वाईट फेक झाली तर एक फेक वाया जाते. पार पाचच्या होलवर पहिली फेक फसली की दुसरीची जागा चुकते, दुसरीमुळे तिसरीची, आणि आठ-नऊचा आकडा कार्डावर कधी पडला ते कळत नाही.

झाडीत शिरलेल्या नव्या खेळाडूला अनुभवी मंडळी धीर देतात की झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच असते. हे खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ते हिशेबाने दाखवता येते. एका हेक्टरात ५०० झाडे धरली आणि प्रत्येकाचा बुंधा २० सेंटिमीटर जाड मानला, तर सगळ्या बुंध्यांनी मिळून व्यापलेली जमीन १६ चौरस मीटरही भरत नाही. हेक्टरातल्या दहा हजार चौरस मीटरांत ती पाव टक्काही नव्हे. नकाशावर असे रान जवळजवळ रिकामे दिसेल. पण डिस्क म्हणजे बिंदू नव्हे. तिचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर. डिस्कचा मध्य बुंध्याच्या मध्यापासून साडेवीस सेंटिमीटरच्या आत आला की धडक ठरलेली, म्हणजे प्रत्येक झाड डिस्कच्या मार्गातली ४१ सेंटिमीटरची पट्टी अडवते. झाडे कशीही विखुरलेली आहेत असे मानून हिशेब केला तर न बघता भिरकावलेली डिस्क सरासरी ४९ मीटर गेल्यावर बुंध्यावर आदळते. तीस मीटर निर्विघ्न जाण्याची शक्यता शंभरात ५४, साठ मीटरांची २९, शंभर मीटरांची १३. फांद्या आणि पालवी यात धरलेलीच नाही. रान डोळ्यांना जेवढे मोकळे वाटते तेवढे ते डिस्कसाठी मोकळे नसते. म्हणून झाडीतल्या कोर्सवर नशिबाच्या भरवशावर केलेली फेक ही फेक नव्हेच; मोकळी वाट हेरून तिच्यात डिस्क घालावी लागते.

वाट हेरली तरी पुढचा प्रश्न कोनाचा. हातातून सुटताना डिस्कची दिशा एका अंशाने चुकली, तर ३० मीटरांवर ती ठरल्या रेषेपासून अर्ध्या मीटरने सरकलेली असते आणि १०० मीटरांवर पावणेदोन मीटरने. दोन मीटर रुंदीची फट २० मीटरांवर असेल तर डिस्कची रुंदी वजा जाता दोन्ही बाजूंना अडीच अंशांची सूट मिळते. तीच फट ४० मीटरांवर गेली की सूट सव्वा अंशावर येते. त्यामुळे टीवर उभे राहिल्यावर सर्वांत अरुंद फटीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. अंशांत मोजल्यावर सर्वांत लहान ठरणारी फट कोणती हे आधी शोधायचे. बहुतेक वेळा पहिल्या तीस मीटरांतली झाडे भीतीदायक दिसतात आणि खरी गाळणी पुढे असते. तरीही पहिले तीस मीटर महत्त्वाचे आहेत, कारण तिथे आदळलेली डिस्क टीच्या पायथ्याशीच पडते आणि आख्खा होल पुढ्यात तसाच उरतो. शिवाय फटी एकामागून एक येतात. तीन फटी ओलांडायच्या असतील आणि प्रत्येकीत यश दहातून सात वेळा मिळत असेल, तर तिन्ही पार होण्याची शक्यता शंभरात ३४ च उरते. सत्तर टक्के ऐकायला चांगले वाटतात. तीनदा गुणले की ते तिसऱ्या हिश्श्यावर येतात.

सरळ रेषेत जाणारी डिस्क तरी कुठे असते? डिस्क स्वभावतः वळते, आणि झाडीतल्या खेळाचे सगळे कौशल्य त्या वळणाचा उपयोग करून घेण्यात आहे. उजव्या हाताचा खेळाडू हात छातीसमोरून आणून फेक करतो, तिला बॅकहँड म्हणतात, तेव्हा वरून बघता डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते. वेग जास्त असताना हवेचा दाब डिस्कची पुढची कड खाली लोटू बघतो, वेग ओसरला की तीच कड वर उचलू बघतो. पण डिस्क भोवऱ्यासारखी गरगरत असल्याने हा धक्का जिथे लागतो तिथे परिणाम दाखवत नाही; पाव फेरा पुढे, म्हणजे बाजूला, दाखवतो. परिणामी वेगात असताना डिस्क उजवीकडे कलते आणि शेवटी वेग मंदावला की डावीकडे उतरते. डाव्या हाताने फेकले, किंवा उजव्याच हाताने बाजूने झटका देऊन फोरहँड केला, तर हे सगळे उलट होते.

कोणती डिस्क किती कलेल हे डिस्कच्या घडणीवर ठरते. इनोव्हाने त्यासाठी चार आकड्यांची पद्धत रूढ केली: वेग, तरंगणे, सुरुवातीचे कलणे आणि शेवटचे उतरणे. याच कंपनीच्या लेपर्ड या डिस्कचे आकडे ६, ५, –२, १ असे आहेत. ती मध्यम वेगाची, बराच वेळ तरंगणारी, सुरुवातीला उजवीकडे झुकणारी आणि शेवटी जेमतेम डावीकडे येणारी. फायरबर्डचे आकडे ९, ३, ०, ४. ती उजवीकडे कलतच नाही आणि शेवटी डावीकडे जोरात ओढ घेते. डिस्ट्रॉयर ही लांब पल्ल्याची, तिचा पहिला आकडा १२. उघड्या मैदानावर हीच डिस्क बहुतेकांच्या हातात दिसते. झाडीत मात्र ती पिशवीतच बरी. तिच्या आकड्यांत लिहिलेले उड्डाण घडायला हाताचा वेगही तेवढाच लागतो. अरुंद वाटेत खेळाडू हात आखडता घेतो आणि अपुऱ्या वेगाची डिस्ट्रॉयर वाट संपायच्या आधीच डावीकडच्या झाडांत घुसते. मिडरेंज आणि पटर प्रकारच्या संथ डिस्क हलक्या हातानेही आपले उड्डाण पूर्ण करतात आणि चुकल्या तरी फार आत जात नाहीत. वजनावरही मर्यादा आहे: पीडीजीएच्या नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, म्हणजे २१ सेंटिमीटरची डिस्क १७४ ग्रॅमपर्यंत.

झाडांवर आदळून आदळून डिस्कची कड झिजते, खरबरीत होते, आणि तिचा स्वभाव पालटतो. नवी असताना सरळ जाणारी डिस्क वर्षभराच्या खेळानंतर उजवीकडे झुकू लागते. जाणकार खेळाडू ती टाकून देत नाहीत. एकाच साच्यातल्या नवी, मुरलेली आणि पार झिजलेली अशा तीन डिस्क पिशवीत ठेवतात. हाताला पकड ओळखीची राहते आणि तीन वेगवेगळी वळणे मिळतात. झाडीतल्या कोर्ससाठी याहून उपयोगी तयारी नाही.

फेकण्याच्या तऱ्हाही वाटेप्रमाणे निवडाव्या लागतात. बाहेरची कड खाली झुकवून सोडलेली हायझर फेक शेवटी भरवशाने आत वळते. उलट झुकाव दिलेली अ‍ॅनहायझर फेक उजवीकडे मोठा वळसा घेते. हलकी, झिजलेली डिस्क हायझरच्या कोनात जोराने सोडली तर ती हवेत उठून सपाट होते आणि बराच वेळ सरळ धावते. अरुंद, लांबलचक बोळासाठी हीच फेक हुकमी, पण ती साधायला सर्वांत कठीण. वर फांद्यांचे छत खाली आलेले असेल तर डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, जरादेखील वर राहून चालत नाही. उंचीवर उडवायला जागाच नसल्याने अंतर वेगातूनच काढावे लागते. अगदीच वाट नसेल तर डिस्क कडेवर उभी करून जमिनीवरून चाकासारखी पळवतात, किंवा डोक्यावरून उभी फेकून झाडांच्या माथ्यावरून पलीकडे टाकतात.

हे सगळे एका होलवर कसे एकत्र येते ते पाहण्यासाठी २३० मीटरांचा, पार चारचा, वनातल्या कोर्सवर नेहमी भेटणाऱ्या घडणीचा होल घेऊ. टीसमोर सहा मीटर रुंदीचा सरळ बोळ, दोन्ही बाजूंना पाइन. ११० मीटरांवर बोळ थोडा फाकतो आणि डावीकडे वळतो. तिथून उतरणीवर १२० मीटरांवर बास्केट, उजव्या हाताला ओढा. पहिली फेक ८० मीटरांवर थांबली तर वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. दुसरी फेक कोपऱ्यापर्यंत नेण्यातच खर्ची पडते आणि एक फेक जास्त होते. फेक १३५ मीटर गेली तर अवस्था त्याहून वाईट, कारण बोळ तेवढा लांब नाहीच. डिस्क कोपरा ओलांडून समोरच्या झाडांत जाते आणि तिथून डावीकडे वाट नसते. हवी ती जागा १०५ ते ११५ मीटरांच्या पट्ट्यात, तीही वाटेच्या उजव्या कडेला, कारण तिथूनच वळणाचा कोन खुला होतो. म्हणजे १४० मीटर फेकू शकणाऱ्या खेळाडूने टीवर मुद्दाम संथ डिस्क घ्यायची. उजव्या हाताच्या खेळाडूची दुसरी फेक डावीकडे उतरणारी हायझर, तिच्या अंगभूत वळणाला साजेशी आणि ओढ्यापासून दूर जाणारी. डावऱ्याला तीच वाट फोरहँडने काढावी लागते. २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनिअर याने नेव्हाडाच्या वाळवंटात, वाऱ्याच्या पाठबळावर, ३३८ मीटरांची विक्रमी फेक केली. ती ताकद या होलवर कामाला येत नाही.

एवढे करूनही डिस्क झाडीत जातेच. वनातल्या कोर्सवर सामने जिंकणारे खेळाडू झाडांवर आदळत नाहीत असे नाही. आदळल्यानंतर ते काय करतात यात फरक असतो. समजा डिस्क वाटेपासून सहा मीटर आत पडली आहे आणि बास्केट ७० मीटरांवर आहे. आडवी छोटी फेक करून वाटेवर यायचे, तिथून बास्केटजवळ, मग आत: एकूण तीन फेका, जवळजवळ खात्रीने. दुसरा पर्याय बुंध्यांमधल्या फटीतून थेट बास्केटकडे. साधले तर दोन फेकांत होल संपतो. फसले तर डिस्क पुन्हा झाडीत, आणि तिथून बाहेर येण्यासह एकूण चार. हिशेब केला तर फट दोनातून एकदा साधत असेल तेव्हाच दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. त्याहून कमी खात्री असेल तर आडवी फेकच शहाणपणाची, आणि फसलेली डिस्क आणखी आत जाण्याची भीती असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते. मागे पाहिल्याप्रमाणे सरसकट रानात तीस मीटर बिनधडक जाण्याची शक्यताच ५४ टक्के. लांब कोर्सवर एकाच फेकीत सगळी चूक भरून काढण्याचा मोह आवरणे हे तंत्राइतकेच महत्त्वाचे अंग आहे.

झाडीतून फेकताना नियमही घट्ट असतात. डिस्कमागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब जागा हीच पाय टेकण्याची हद्द; फेकताना किमान एक पाय किंवा गुडघा तीत हवा. आड येणाऱ्या फांद्या कमीत कमी हलतील अशीच उभे राहण्याची पद्धत निवडावी लागते, आणि एकदा उभे राहिल्यावर हात फिरवायला जागा व्हावी म्हणून फांदी बाजूला धरता येत नाही. मोडणे तर दूरच. डिस्क मोठ्या बुंध्याला अगदी पुढून चिकटून पडली आणि मागे उभे राहणे अशक्य असेल, तर त्या अडथळ्याच्या लगेच मागे, बास्केटच्या रेषेत उभे राहायची मुभा आहे. डिस्क झाडावरच अडकली तर तिच्या बरोबर खालून खेळायचे. ती दोन मीटरांहून उंच असल्यास दंडाची एक फेक, पण आयोजकांनी तो नियम आधी जाहीर केला असेल तरच. हरवलेल्या डिस्कचा शोध तीन मिनिटेच घ्यायचा. सापडली नाही की दंडाची एक फेक घेऊन मागच्या जागी परत. टीवरून मारलेली डिस्क हरवली तर पुढची फेक पुन्हा टीवरूनच आणि मोजणीत ती तिसरी धरली जाते.

या नियमांमुळे झाडीतल्या खेळाडूला चमत्कारिक पवित्र्यांतून फेकण्याची सवय करावी लागते. गुडघ्यावर बसून, एक पाय डिस्कमागे रोवून दुसरा बाजूला पूर्ण ताणून, धाव न घेता नुसत्या मनगटाच्या झटक्याने. बास्केटपासून दहा मीटरांच्या आत आल्यावर आणखी एक बंधन येते: डिस्क सोडल्यावर तोल सावरून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही. बास्केटसमोर एखादे बारीकसे झाड असेल तर पाय ताणून त्याच्या बाजूने केलेली फेक, म्हणजे स्ट्रॅडल पट, हाच उपाय. तिचा सराव घरच्या अंगणातही करता येतो, आणि बहुतेक जण तो करत नाहीत.

शरीरालाही असा कोर्स थकवतो. चार जणांच्या गटाला अठरा होल पुरे करायला चार तास सहज लागतात, आणि चढ-उतार, मुळे, ओढे ओलांडत पायी जावे लागते. थकवा पायांत येतो, पण दिसतो तो डिस्कच्या कोनात. पाय मंदावले की हात घाईने पुढे येतो आणि डिस्कचे नाक वर राहते. जॉर्जियासारख्या राज्यात पाइनच्या वाळक्या सुयांचा थर पायाखाली घसरतो. त्यावर पडलेली डिस्कही घसरत दूर जाते. उत्तरेच्या पानगळीच्या वनांत वसंतात वाट मोकळी असते आणि जूनमध्ये पालवी भरली की तोच होल निराळा होतो. ऑक्टोबरात गळून पडलेल्या पानांखाली डिस्क सरकली की दोन पावलांवरूनही दिसत नाही. त्या दिवसांत लाल-पिवळी डिस्क म्हणजे हरवायला दिल्यासारखीच, गडद निळी किंवा गुलाबी बरी. पूर्व अमेरिकेच्या झाडीत लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी असतात आणि अंगाला लागल्यास पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही वाटेच्या कडेला वाढते. खेळून आल्यावर पाय आणि मोजे तपासणे हा तिथे खेळाचाच भाग धरला जातो.

कोर्स अवघड असणे आणि अन्यायी असणे यांत फरक आहे, आणि वनातल्या आखणीत तो सहज पुसला जातो. झाडे आहेत तशी ठेवून मध्ये बास्केट रोवले की अवघड होल तयार होतो, पण तिथे चांगल्या फेकीला ठरलेली वाट नसते. डिस्क कुठून तरी निघून जाते किंवा जात नाही. अमेरिकी खेळाडू अशा होलला नापसंतीने ‘पोक अँड होप’ म्हणतात: टोचून बघा आणि आशा धरा. उत्तम आखणीकार दर फेकीला निदान एक स्पष्ट वाट ठेवतो, ती अरुंद का असेना, आणि शक्य तिथे दोन: एक लांब पण सुरक्षित, दुसरी जवळची पण धोक्याची. टेक्सासचा जॉन हाउक या कलेत मान्यता पावलेला आखणीकार आहे. मिझुरीतल्या कोलंबिया येथील हार्मनी बेंड्स हा त्याचा झाडीतला कोर्स. आखणीच्या या कामात कोणते झाड काढायचे याहून कोणते राखायचे हा प्रश्न मोठा असतो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावरचे एक जुने झाड गेले की पार चारचा होल तीनचा होतो. वादळात असे झाड पडल्यावर होल नव्याने आखावा लागतो.

अलीकडच्या मोठ्या स्पर्धांनी वनातल्या खेळाला पुन्हा मानाचे स्थान दिले आहे. डब्ल्यू. आर. जॅक्सन कोर्सवर २०२२ मध्ये पीडीजीए चॅम्पियन्स कप सुरू झाला आणि पुरुषांत तो टेनेसीच्या क्रिस डिकरसनने जिंकला. झाडीतला अचूक खेळ हीच त्याची ओळख. स्मग्लर्स नॉचला २०१८ आणि २०२३ मध्ये जागतिक स्पर्धा झाली. २०२३ चे विजेते जॉर्जियाचा आयझॅक रॉबिन्सन आणि एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटर. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांत पुन्हा रॉबिन्सन आणि महिलांत फिनलंडची एव्हेलिना सालोनेन. रॉबिन्सन, टॅटर आणि सालोनेन हे तिघेही झाडीच्या प्रदेशांतून आले हा निव्वळ योगायोग वाटत नाही. लहानपणापासून फट बघायची जी सवय लागते ती मोठेपणी मैदानावर सराव करून सहसा येत नाही.

या खेळाचा भार वनावरही पडतो. टीजवळची आणि बास्केटभोवतीची माती हजारो पावलांनी घट्ट होते, मुळे उघडी पडतात. टीसमोरच्या बुंध्यांची साल डिस्कच्या धडकांनी सोलली जाते आणि पातळ सालीची झाडे अखेर वाळतात. झाड वाळले की माणसांना धोका आणि होलचेही नुकसान. म्हणून चांगल्या कोर्सवर एकेका होलला बास्केटच्या दोन-तीन जागा ठेवून ते आलटून पालटून हलवतात, वाटांवर लाकडाचा भुसा पसरतात, नाजूक बुंध्यांपुढे खांब रोवतात आणि नवी रोपे लावतात. हे काम बहुतेक ठिकाणी क्लबचे स्वयंसेवक करतात, आणि तिथे खेळणाऱ्याने वर्षातून एखादी सकाळ त्यांना द्यायला हवी.

अमेरिकेत किंवा उत्तर युरोपात राहणाऱ्या, भेटीला जाणाऱ्या मराठी वाचकांनी सार्वजनिक उद्यानांतले हे कोर्स आवर्जून बघावेत. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. पहिल्यांदा जाताना एक पटर आणि एक मिडरेंज पुरे, लांब पल्ल्याच्या डिस्कचा सेट विकत घेऊ नये. जवळच्या टीवरून खेळावे, पुढचा गट वाटेतून बाहेर पडल्याशिवाय फेकू नये, आणि डिस्कच्या मागे आपले नाव व फोन नंबर लिहून ठेवावा. झाडीत हरवलेली डिस्क दुसऱ्याला सापडली तर तो फोन करतो, ही या खेळातली पद्धत आहे.